टार्गेट डेट फंड निवडताना: आधी वर्ष, मग ग्लाइड पाथ, मग खर्च

अमेरिकेत ४०१(के), म्हणजे नोकरीतून मिळणारं निवृत्ती बचतीचं खातं, उघडलं की फंडांच्या यादीत २०४०, २०४५, २०५० अशी वर्षं जोडलेली नावं दिसतात. आपलं निवृत्तीचं वर्ष शोधायचं, त्या नावासमोर खूण करायची, काम झालं, असं बहुतेकांना वाटतं. पण नावातलं वर्ष ही फक्त सुरुवात आहे. त्याच वर्षाचे दोन वेगवेगळ्या कंपन्यांचे फंड उघडून पाहिले, तर निवृत्तीच्या दिवशी एकात ४० टक्के शेअर असतात आणि दुसऱ्यात ५५ टक्के. शिवाय वर्ष चुकीचं धरलेलं असेल, तर पुढचं सगळं गणितच चुकतं.

टार्गेट डेट फंड हा फंडांचा फंड असतो. त्याच्या पोटात अमेरिकी शेअर, परदेशी शेअर आणि बाँड यांचे तीन-चार किंवा जास्त फंड असतात. ठरलेलं वर्ष जसं जवळ येतं, तसा फंड व्यवस्थापक शेअरचा वाटा कमी करत नेतो आणि बाँडचा वाढवतो. शेअरचा वाटा कोणत्या वर्षी किती असेल हे दाखवणारी उतरती रेषा म्हणजे ग्लाइड पाथ. तुम्ही खरेदी करता ती ही रेषा. नाव ही तिच्यावरची चिठ्ठी.

पुढच्या पायऱ्या याच क्रमाने करा. बरेच जण मागच्या वर्षीचा परतावा पाहून सुरुवात करतात, आणि तिथेच घोळ होतो.

## तयारी: बसण्याआधी काय हाताशी हवं

अर्धा तास काढा आणि हे जमवा:

- तुमच्या आणि जोडीदाराच्या सगळ्या निवृत्ती खात्यांची ताजी स्टेटमेंट. सध्याचं ४०१(के) किंवा ४०३(बी) (शाळा, धर्मादाय संस्थांमधलं तसंच खातं), जुन्या कंपन्यांकडे राहिलेली ४०१(के), ट्रॅडिशनल आणि रॉथ आयआरए (स्वतः उघडायची निवृत्ती खाती; रॉथमध्ये कर आधीच भरलेला असतो), एचएसए (आरोग्य बचत खातं). जुनी खाती हमखास विसरली जातात.
- तुमच्या प्लॅनची, म्हणजे कंपनीच्या ४०१(के) योजनेची, वार्षिक फी डिस्क्लोजर नोटीस. प्लॅनमधल्या प्रत्येक फंडाचा खर्च आणि परतावा त्यात तक्त्यात दिलेला असतो. प्लॅनच्या संकेतस्थळावर कागदपत्रांच्या विभागात मिळते, नाहीतर एचआरकडे मागा.
- ज्या टार्गेट डेट फंडांचा विचार करताय त्यांची फॅक्ट शीट (एक-दोन पानांचं माहितीपत्रक), आणि शक्य असेल तर प्रॉस्पेक्टस (सविस्तर माहितीपुस्तिका).
- सोशल सिक्युरिटीच्या (सरकारी निवृत्तिवेतन योजनेच्या) संकेतस्थळावरचं तुमचं स्टेटमेंट. तुमची किती क्रेडिट जमली आहेत हे त्यात दिसतं. निवृत्तीचा लाभ मिळायला ४० क्रेडिट लागतात, म्हणजे साधारण १० वर्षांची नोंदलेली कमाई.

तपासून घ्या: प्लॅनच्या नोंदीत तुमची जन्मतारीख बरोबर आहे ना? तुम्ही स्वतः काही निवडलं नसेल, तर बहुतेक प्लॅन जन्मतारखेवरून आणि ६५ हे वय गृहीत धरून तुम्हाला एखाद्या वर्षाच्या फंडात आपोआप टाकतात. तारीख चुकली तर फंडही चुकतो आणि वर्षानुवर्षं कुणाच्या लक्षात येत नाही.

## १. वर्ष ठरवा, पण नेमकं कशाचं?

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, म्हणून इथे वेळ घ्या.

ज्या वर्षी या खात्यातून घरखर्चासाठी पैसे काढायला सुरुवात होईल, ते तुमचं टार्गेट वर्ष. नोकरी सोडण्याचं, घराचं कर्ज फिटण्याचं, मुलांचं कॉलेज संपण्याचं किंवा भारतात परतण्याचं वर्ष नव्हे. कधीकधी ही वर्षं एकच निघतात, पण तसं गृहीत धरू नका.

भारतात परतायचा विचार असलेल्यांकडून ही चूक फार होते. समजा, जन्म १९८८ चा आहे आणि २०३० मध्ये कायमचं परतायचं ठरलंय. म्हणून २०३० चा फंड निवडला. ४२ व्या वर्षी पैसा जवळजवळ निवृत्तासारखा, निम्म्याच्या आसपास बाँडमध्ये जाऊन बसतो. पण हा पैसा ५९½ वयाच्या आधी काढला, तर प्राप्तिकर वेगळा आणि वर १० टक्के दंड, काही ठरावीक अपवाद सोडून. म्हणजे हात लावायचाय तो २०४८ च्या सुमारास, आणि मधली १८ वर्षं पैसा विनाकारण सुस्त पडून राहतो. अशा माणसाचा फंड २०५० चा. देश बदलला म्हणून पैशाची मुदत बदलत नाही.

आता आकडेमोड. जन्मवर्षात निवृत्तीचं वय मिळवा. वय ठरवताना हे टप्पे डोळ्यांसमोर ठेवा:

- ५५: त्या कॅलेंडर वर्षात किंवा नंतर नोकरी सुटली, तर त्याच कंपनीच्या ४०१(के)मधून १० टक्के दंडाशिवाय पैसे काढता येतात. जुन्या कंपन्यांच्या खात्यांना किंवा आयआरएला ही सवलत नाही. पैसे आयआरएत वळवले की ती हातची जाते.
- ५९½: दंड संपतो.
- ६२: सोशल सिक्युरिटी सुरू करता येते, पण कायमची कमी रकमेवर.
- ६५: मेडिकेअर (ज्येष्ठांचा सरकारी आरोग्यविमा).
- ६७: १९६० किंवा नंतर जन्मलेल्यांसाठी सोशल सिक्युरिटीचं पूर्ण निवृत्ती वय. ७० पर्यंत थांबलं तर रक्कम आणखी वाढते.

६२ ला नोकरी सोडून ७० पर्यंत सोशल सिक्युरिटी न घेण्याचा बेत असेल, तर मधली आठ वर्षं सगळा भार या खात्यावर येणार. म्हणून टार्गेट वर्ष ६२ चं धरा. उलट, ६० ला नोकरी सोडली तरी जोडीदाराच्या पगारावर पाच वर्षं घर चालणार असेल, तर तुमचं वर्ष ६५ चं.

फंड पाच-पाच वर्षांच्या अंतराने असतात, आणि साधारणपणे एक फंड मागची-पुढची दोन वर्षं सांभाळतो. २०५० चा फंड २०४८ ते २०५२ साठी. जन्म १९८६, निवृत्ती ६५ ला: २०५१, म्हणून २०५० चा फंड. त्याच माणसाने ६७ धरलं, तर २०५३, म्हणून २०५५ चा. दोनच वर्षांच्या फरकाने फंड बदलला, म्हणून वय अंदाजपंचे टाकू नका.

एक दिलासाही आहे. निवृत्तीला २५-३० वर्षं असतील, तर शेजारच्या दोन वर्षांचे फंड आज जवळजवळ सारखेच असतात. व्हॅनगार्डच्या टार्गेट रिटायरमेंट फंडांत निवृत्तीला साधारण २५ वर्षं उरेपर्यंत शेअरचा वाटा ९० टक्क्यांच्या आसपासच राहतो. तिशीतल्या माणसाने २०६० की २०६५ यावर रात्री जागवू नयेत. पंचेचाळिशीनंतर मात्र एका पायरीचा, म्हणजे पाच वर्षांचा, फरक खरोखर जाणवतो.

नवरा-बायकोसाठी: खाती वेगळी असतात, त्यामुळे प्रत्येकाने आपल्या वर्षाप्रमाणे फंड घ्यावा, हा सोपा नियम बहुतेक घरांना पुरतो. वयात सात-आठ वर्षांहून जास्त अंतर असेल, तर मोठ्याच्या खात्यातला पैसाही धाकट्याच्या म्हातारपणापर्यंत पुरवायचा असतो. तिथे मोठ्याने एक पायरी पुढचं वर्ष घ्यायला हरकत नाही.

सावध: टार्गेट वर्षाला फंड 'मॅच्युअर' होत नाही. एफडी किंवा विमा पॉलिसीची सवय असलेल्या आपल्या लोकांना वाटतं, २०४० उजाडलं की पैसे हातात पडतील. तसं काही घडत नाही. कुठलीही रक्कम हमखास मिळण्याची हमी नसते, आणि त्या वर्षीही फंडाची किंमत पडू शकते.

## २. ग्लाइड पाथ वाचा: तीन आकडे लिहून काढा

फॅक्ट शीट किंवा प्रॉस्पेक्टसमध्ये डोंगरउतारासारखा आलेख असतो. त्यावरून फक्त तीन आकडे कागदावर उतरवा:

अ. आज शेअरचा वाटा किती?
आ. टार्गेट वर्षी किती?
इ. टार्गेट वर्षानंतर १० वर्षांनी किती?

दुसरा आकडा सगळ्यात महत्त्वाचा. कारण त्या दिवशी खात्यात आयुष्यातली सर्वांत मोठी रक्कम असते आणि नवा पगार यायचा थांबलेला असतो.

काही फंडांचा उतार टार्गेट वर्षाला थांबतो. त्यांना 'टू' प्रकारचे म्हणतात. काहींचा पुढेही अनेक वर्षं चालू राहतो, ते 'थ्रू' प्रकारचे. ब्लॅकरॉकचे लाइफपाथ इंडेक्स फंड पहिल्या प्रकारचे: टार्गेट वर्षी शेअर सुमारे ४० टक्के आणि पुढे साधारण तेवढेच. व्हॅनगार्डमध्ये टार्गेट वर्षी सुमारे ५० टक्के, मग पुढच्या सात वर्षांत ३० टक्क्यांपर्यंत उतार, आणि नंतर तो फंड त्यांच्या इन्कम फंडात विलीन होतो. टी. रो प्राइसच्या रिटायरमेंट फंडांत टार्गेट वर्षी सुमारे ५५ टक्के, आणि उतार त्यानंतर ३० वर्षं चालतो. यातला एक चांगला आणि बाकीचे वाईट, असं नाही. निवृत्तीनंतरही तीस वर्षं जगायचं आहे या विचाराने एकजण शेअर जास्त ठेवतो. निवृत्तीच्या तोंडावर मोठा फटका नको या विचाराने दुसरा कमी ठेवतो. तुम्हाला कुठला विचार पटतो, हे ठरवण्यासाठीच तर आलेख वाचायचा.

फरक पैशांत मोजून बघा. टार्गेट वर्षी खात्यात ८ लाख डॉलर आहेत आणि शेअर निम्म्यावर आले, असं धरा. ५५ टक्के शेअर असतील तर घट २ लाख २० हजारांची, ४० टक्के असतील तर १ लाख ६० हजारांची. ६० हजारांचा हा फरक अनेकांच्या वर्षभराच्या खर्चाएवढा होतो. हे काल्पनिक भय नाही. २००८ मध्ये '२०१०' असं नाव लावलेले फंड सरासरी सुमारे एक चतुर्थांशाने पडले आणि त्यातला सर्वांत वाईट ४१ टक्क्यांनी. दोन वर्षांत निवृत्त होणाऱ्यांसाठीचे फंड होते ते.

बाँडही नेहमी सांभाळून घेतात असं नाही. २०२२ मध्ये व्याजदर झपाट्याने वाढले, तेव्हा एस अँड पी ५०० (बड्या अमेरिकी कंपन्यांच्या शेअरचा निर्देशांक) लाभांश धरूनही १८ टक्के पडला आणि अमेरिकी बाँडचा प्रमुख निर्देशांक १३ टक्के. निवृत्तीच्या जवळचे फंड त्या वर्षी शेअर कमी असूनही चांगलेच घसरले. म्हणून 'जवळचं वर्ष म्हणजे सुरक्षित' हे डोक्यातून काढून टाका.

तपासून घ्या: तीन आकडे वेबसाइटवरच्या जाहिरातीतून नव्हे, त्याच फंडाच्या कागदातून घेतलेत ना? एकाच कंपनीच्या दोन मालिकांचे ग्लाइड पाथ वेगळे असू शकतात.

## ३. गरज असेल तरच वर्ष एक पायरी हलवा

दुसरा आकडा पाहून धास्ती वाटली, तर एक पायरी अलीकडचं वर्ष घेता येतं. २०४५ ऐवजी २०४०. दुसऱ्या बाजूने, पेन्शन, भाड्याचं घर किंवा जोडीदाराची भक्कम पेन्शन असं ठरलेलं उत्पन्न मूळ खर्च भागवत असेल, तर एक पायरी पुढचं वर्षही चालेल.

एकापेक्षा जास्त पायऱ्या हलवायची गरज वाटत असेल, तर बहुधा पहिल्या टप्प्यात वर्षच चुकलंय, किंवा त्या कंपनीचा ग्लाइड पाथ तुमच्यासाठी नाही. मागे जाऊन तपासा. आणि 'बचत कमी पडतेय, म्हणून लांबचं वर्ष घेऊन जास्त कमवू' हा बेत करू नका. कमी बचतीवर जास्त बचत किंवा उशिरा निवृत्ती हाच इलाज आहे.

## ४. खर्च: दोन सारखी नावं, दोन वेगळे फंड

एक्स्पेन्स रेशो म्हणजे फंड दरवर्षी तुमच्या रकमेतून जे टक्के कापतो ते. वेगळं बिल येत नाही, म्हणून जाणवत नाही.

फिडेलिटीच्या प्लॅनमध्ये 'फ्रीडम २०५०' आणि 'फ्रीडम इंडेक्स २०५०' ही दोन्ही नावं असू शकतात. एक सक्रिय व्यवस्थापनाचा, दुसरा निर्देशांकावर चालणारा. इंडेक्स मालिकेच्या सर्वसाधारण वर्गाचा खर्च ०.१२ टक्के, तर लांबच्या वर्षांच्या सक्रिय फंडांचा अर्ध्या टक्क्याहून जास्त. 'इंडेक्स' हा एक शब्द नजरेतून सुटला की कितीतरी पट खर्च. व्हॅनगार्डच्या टार्गेट रिटायरमेंट फंडांचा खर्च ०.०८ टक्के आहे.

१ लाख डॉलर, २५ वर्षं, खर्चाआधी वार्षिक ६ टक्के परतावा धरा. ०.०८ टक्के खर्चाने शेवटी सुमारे ४ लाख २१ हजार होतात, ०.६८ टक्क्यांनी सुमारे ३ लाख ६५ हजार. ५५ हजारांहून जास्त रक्कम फक्त खर्चात गेली, आणि ती एकाच लाखावर. यात पुढची मासिक भर धरलेलीच नाही.

माझं मत स्पष्ट आहे: एकाच प्लॅनमध्ये दोन्ही मालिका असतील, तर कारण सांगता येत नसेल तोवर इंडेक्सवाली घ्या.

मोठ्या कंपन्यांच्या प्लॅनमध्ये बहुतेकदा फंडाऐवजी 'ट्रस्ट' असा शब्द दिसतो. हे कलेक्टिव्ह इन्व्हेस्टमेंट ट्रस्ट. त्यांना टिकर (बाजारातलं छोटं ओळख-अक्षरनाव) नसतो, त्यामुळे बाहेरच्या संकेतस्थळांवर शोधून सापडत नाहीत. मग लोक त्याच नावाच्या म्युच्युअल फंडाचे आकडे वाचतात आणि खर्च चुकीचा धरतात. अशा वेळी प्लॅनची फी नोटीस आणि प्लॅनने दिलेली फॅक्ट शीट हाच आधार. ट्रस्ट बहुधा त्याच्या म्युच्युअल फंड जुळ्याहून स्वस्त असतो, त्यामुळे टिकर नाही म्हणून घाबरायचं कारण नाही.

प्लॅनमधल्या सगळ्याच टार्गेट डेट फंडांचा खर्च जास्त असेल तर? कंपनीचा पूर्ण मॅच (तुमच्या रकमेला जोडून कंपनी टाकते ती रक्कम) मिळेल एवढी रक्कम तरीही टाका, तो सोडू नका. त्याच यादीत स्वस्त इंडेक्स फंड असतील, तर दुसऱ्या टप्प्यातल्या ग्लाइड पाथवरून प्रमाण घेऊन दोन-तीन फंडांत तुम्ही स्वतः वाटणी करू शकता. मग मात्र दर वर्षी रीबॅलन्स करणं (ढळलेलं प्रमाण पुन्हा जुळवणं) आणि उतार पाळणं तुमच्याकडे आलं. ते नेमाने होणार नसेल, तर थोडा महाग टार्गेट डेट फंड परवडला.

## ५. बाकीच्या खात्यांशी जमतंय का ते पहा

टार्गेट डेट फंड बनवणाऱ्याने असं धरलेलं असतं की तुमचा सगळा निवृत्तीचा पैसा इथेच आहे. शेजारी दुसरं काही ठेवलं की त्याचा तोल ढळतो.

नेहमी दिसणारी मांडणी: निम्मे पैसे टार्गेट डेट फंडात, निम्मे एस अँड पी ५०० फंडात, 'थोडी वाढही हवी' म्हणून. फंडात समजा ७० टक्के शेअर आहेत. मग एकूण शेअरचा वाटा झाला ८५ टक्के. म्हणजे निवृत्तीला दहा वर्षं राहिलेल्या माणसाने नकळत तिशीतल्याची जोखीम घेतली. वर तेच अमेरिकी बडे शेअर दोन्हीकडे, त्यामुळे फंडाने परदेशी शेअरना दिलेली जागाही आकसली.

दोन वर्षांचे फंड घेणंही व्यर्थ. २०४० आणि २०५० निम्मे-निम्मे म्हणजे जवळपास २०४५. त्यात विविधता काहीच वाढली नाही, एक ओळ मात्र वाढली.

म्हणून खात्यांची यादी करून प्रत्येकात शेअर किती टक्के आहेत हे लिहा आणि एकूण काढा. ते टार्गेट डेट फंडाच्या आजच्या आकड्यापासून पाच-सात टक्क्यांहून जास्त हटलं असेल, तर बाकीची खाती सुधारा. सोपा मार्ग: आयआरए आणि जुन्या ४०१(के)मध्येही त्याच वर्षाचा फंड. कंपन्या वेगवेगळ्या असल्या तरी चालेल, फक्त दोन्हींचे ग्लाइड पाथ पाहून घ्या. नोकरी असलेल्या कंपनीचे शेअर मोठ्या प्रमाणात साठले असतील, तर तेही शेअरच्या बाजूला मोजा. तो धोका तर पगाराबरोबरच बुडणारा.

सावध, करपात्र खात्यात हा फंड ठेवू नका. साध्या ब्रोकरेज खात्यात बाँडच्या व्याजावर दरवर्षी तुमच्या नेहमीच्या दराने कर लागतो. शिवाय फंडाने आत विक्री केली की भांडवली नफा तुमच्या माथी येतो, तुम्ही काही विकलेलं नसलं तरी. डिसेंबर २०२० मध्ये व्हॅनगार्डने संस्थांसाठीच्या स्वस्त टार्गेट डेट मालिकेची किमान मर्यादा १० कोटी डॉलरवरून ५० लाखांवर आणली. अनेक प्लॅन तिकडे गेले, त्यांचे पैसे देण्यासाठी मूळ मालिकेला विक्री करावी लागली, आणि २०२१ च्या अखेरीस काही फंडांनी किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त नफा वाटला. ४०१(के) आणि आयआरएवाल्यांना काही फरक पडला नाही. करपात्र खातेदारांना मोठं करबिल आलं. जानेवारी २०२५ मध्ये एसईसीबरोबर (अमेरिकेच्या शेअरबाजार नियामकाबरोबर) १० कोटी ६० लाख डॉलरहून अधिक रकमेची तडजोड झाली, पण मूळ अडचण या खात्यांमध्ये आजही तशीच आहे.

## ६. प्रत्यक्ष बदल: दोन वेगळ्या जागा

फंड बरोबर निवडून शेवटच्या पानावर चुकणारे खूप. प्लॅनच्या संकेतस्थळावर दोन स्वतंत्र कामं करायची असतात:

१. पुढच्या पगारातून येणारी रक्कम कुठे जावी. शीर्षक बहुधा 'फ्यूचर काँट्रिब्यूशन्स' किंवा 'इन्व्हेस्टमेंट इलेक्शन्स'. इथे निवडलेल्या फंडाला १०० टक्के द्या, बाकी सगळ्यांना शून्य.

२. आधी साठलेली रक्कम कुठे असावी. 'एक्सचेंज', 'ट्रान्सफर' किंवा 'रिअलोकेट'. जुन्या फंडांतून १०० टक्के काढून नव्यात टाका.

पहिलं काम केलं आणि दुसरं राहिलं, तर वर्षानुवर्षांची पुंजी जुन्याच फंडात राहते आणि फक्त नवे हप्ते नव्यात जातात. दुसरं केलं आणि पहिलं राहिलं, तर पंधरवड्याने पुन्हा जुना फंड यादीत उगवतो.

काही प्लॅनमध्ये प्री-टॅक्स (कर कापण्याआधीची रक्कम), रॉथ आणि कंपनीचा मॅच यांची निवड वेगवेगळी करावी लागते. तिन्ही उघडून पाहा. जुनं ४०१(के) वळवून आणलं असेल, तर ती रक्कम आधी रोख किंवा डीफॉल्ट फंडात येऊन पडलेली असू शकते. आयआरएत तर हे फारच घडतं: पैसे आले, पण फंड घेण्याची ऑर्डर दिलीच नाही, आणि रक्कम मनी मार्केटमध्ये वर्षभर बसून राहिली.

४०१(के) किंवा आयआरएच्या आत फंड बदलल्याने कर लागत नाही, त्यामुळे तुकड्यातुकड्यांत करायची गरज नाही. म्युच्युअल फंडाचा व्यवहार त्या दिवसाच्या बंद भावाने होतो. बदल करून चार दिवसांत मन पालटलं, तर लगेच उलट फिरता येईलच असं नाही. फंडातून बाहेर पडून ३० दिवसांत परत येण्यावर अनेक ठिकाणी बंधन असतं.

तपासून घ्या, तीनदा: ऑर्डरनंतर पुष्टीची पीडीएफ जतन करा. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी शिल्लक पाहा, खात्यात एकच फंड दिसायला हवा. आणि दोन पगार झाल्यावर पुन्हा उघडा. नवे हप्ते खरोखर तिथेच जाताहेत का, हे तेव्हाच कळतं.

परदेशी जायचं असेल, तर हे सगळं पत्ता बदलण्याआधी उरका. अमेरिकेबाहेरचा पत्ता आल्यावर काही वित्तसंस्था म्युच्युअल फंडाची नवी खरेदी बंद करतात. आधीच घेतलेला फंड राहू देतात, पण दुसरा घेऊ देत नाहीत. अशा खात्यात टार्गेट डेट फंड असणं सोयीचं, कारण तो आतल्या आत स्वतःच बदलत राहतो.

## ७. वर्षातून एकदा, वीस मिनिटं

तारीख ठरवून घ्या. फी नोटीस येते तो महिना उत्तम. पाहायचं एवढंच: निवृत्तीचं वर्ष खरोखर बदललंय का, खर्च बदललाय का, प्लॅनने मालिका बदलली का. शेवटचं फार महत्त्वाचं. कंपन्या प्लॅनमधली टार्गेट डेट मालिका बदलतात तेव्हा त्याच वर्षाच्या नव्या फंडात पैसे आपोआप जातात. नावातलं वर्ष तेच राहतं, ग्लाइड पाथ दुसरा होतो. अशी सूचना आली की दुसरा टप्पा पुन्हा करा, तीन आकडे नव्याने लिहा.

बाजार पडलाय, शेजारचा फंड दोन टक्के पुढे गेलाय, निवडणूक आहे, ही फंड बदलायची कारणं नव्हेत. घसरणीत जवळच्या वर्षाच्या फंडात उडी मारणारा तळाशी शेअर विकतो आणि चढताना त्यांच्याशिवाय राहतो.

निवृत्तीला पाच वर्षं उरली की तपासणी जरा खोल करा. या फंडातून पैसे काढताना 'फक्त बाँड विका' असं सांगता येत नाही. युनिट विकलं की त्यातले शेअर आणि बाँड दोन्ही त्या दिवसाच्या भावाने विकले जातात. शेअर आपटलेले असतानाही. म्हणून निवृत्तीच्या आधीच्या दोन-तीन वर्षांत, एक ते दोन वर्षांच्या घरखर्चातून सोशल सिक्युरिटी वजा करून उरेल तेवढी रक्कम स्टेबल व्हॅल्यू किंवा मनी मार्केट अशा कमी चढउताराच्या फंडात वेगळी काढा. पाचव्या टप्प्यातला 'सगळं एकाच फंडात' हा नियम इथे जाणूनबुजून सैल करायचा. पडत्या वर्षी त्या राखीव रकमेतून काढा, चढत्या वर्षी फंडातून काढून राखीव रक्कम पुन्हा भरा.

रुपयांत खर्च करणार असाल, तर हीच राखीव रक्कम आणखी कामाची. डॉलरचा भाव उतरलेला असेल त्या महिन्यात फंड विकायची सक्ती राहत नाही.

ज्या वयापासून खात्यातून दरवर्षी ठरावीक रक्कम सक्तीने काढावी लागते, ते वयही याच वेळी टिपून ठेवा: १९५१ ते १९५९ मध्ये जन्मलेल्यांसाठी ७३, १९६० किंवा नंतरच्यांसाठी ७५. रॉथ ४०१(के) आणि रॉथ आयआरए यांना खातेदाराच्या हयातीत ही सक्ती नाही. त्यामुळे रॉथमधला पैसा सगळ्यात शेवटी काढणार असाल, तर त्या खात्यात एक पायरी लांबच्या वर्षाचा फंड ठेवायला जागा आहे. मात्र पाचव्या टप्प्यातली एकूण टक्केवारी त्यानंतर पुन्हा काढून पाहा.